दरबार गेला, सूर राहिले

आमच्या केळझरला वरातीत बँडवाला क्लॅरिनेट वाजवू लागला, की मला दोन दरबार आठवतात. रशियाच्या महाराणी कॅथरीननं इटालियन संगीतकार पदरी ठेवले; पैसिएल्लोचा 'सेव्हिलचा न्हावी' हा ऑपेरा १७८२ मध्ये सेंट पीटर्सबर्गलाच प्रथम झाला.

तंजावरचे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी कारभार इंग्रजांकडे गेला. हाती उरली विद्या आणि कला. राजांनी विलायती वाद्यांचा बँड उभारला, नाचासाठी मराठी पदं रचली. तंजावरच्याच वडिवेलूंनी व्हायोलिन आत्मसात केलं. १८३४ मध्ये त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन बहाल केलं.

१८५५ मध्ये तंजावरची गादी संपली. व्हायोलिन दक्षिणेच्या मैफलीत राहिलं. वाद्य राजा आणवतो; ते आपलं होतं वाजवणाऱ्याच्या हातानं. म्हणून वरातीतल्या बँडवाल्याला मी आवर्जून नाव विचारतो.