बारामतीचा तगादा

मराठेशाहीतील सावकारीविषयी लिहिताना व्याजाच्या दराची चर्चा पुष्कळ होते. परंतु दूरदेशी गुंतलेले द्रव्य परत कसे येई, या प्रश्नाकडे जावे तितके लक्ष गेलेले नाही, आणि त्याचा विचार करण्यास भीमा-नीरेच्या दुआबातील बारामती-इंदापूरचा मुलूख मला सर्वांत योग्य वाटतो.

बारामतीचे बाबूजी नाईक जोशी हे पेशव्यांचे सावकार आणि सोयरेही. त्यांचे बंधू आबाजी नाईक हे बाळाजी विश्वनाथांचे जावई होत. थोरल्या बाजीरावांच्या मोहिमांना असल्या घरांतून पैसा मिळे, आणि मुलुखगिरीची वसुली थकली म्हणजे सावकाराचे देणेही थके. १७४० साली बाजीराव निवर्तल्यावर रघूजी भोसल्यांच्या पाठबळाने बाबूजींनी पेशवेपदावरच हक्क सांगितला, आणि तो सिद्धीस जाईना तेव्हा नवे पेशवे नानासाहेब यांच्याकडे कर्जाचा निकराचा तगादा लावला; वसुलीसाठी रूढीने जे जे उपाय मान्य केले होते ते सर्व त्यांनी योजिले, असे इतिहासकार ग्रँट डफ सांगतो. दारी धरणे धरून ऋणकोच्या अब्रूलाच हात घालण्याची चाल ज्या काळी सर्वमान्य होती, त्या काळी या शब्दांचे वजन काय असेल हे सहज ध्यानी यावे. या संकटातून नव्या पेशव्यांची मुक्तता महादोबा पुरंदऱ्यांनी स्वतःची पत खर्ची घालून केली. माझ्या मते या सबंध प्रकरणातील महत्त्वाचा पुरुष तोच. कारण धनको आणि ऋणको या दोघांचाही ज्याच्यावर भरवसा आहे असा तिसरा मनुष्य मिळाल्यावाचून थकलेले येणे सुखाने वसूल होत नाही.

मालाच्या वाहतुकीतील व्यवहारही याच भरवशावर चालत. पश्चिम किनाऱ्यावरील जोखमी हुंडीचे पैसे तर माल बंदरात सुखरूप पोचला तरच देय होत, आणि तो बुडाला तर येणेही बुडे. समुद्राची जोखीम कोणी सोसावयाची याचा निवाडा तगाद्याची वेळ येण्यापूर्वीच होऊन जाई.

इंग्रजी अमलात मात्र मधला मनुष्य नाहीसा झाला. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचा भाव चढला, तेव्हा लिव्हरपूल-मुंबईचा पैसा सावकारामार्फत कुणब्यापर्यंत पोचला, आणि युद्ध संपून भाव कोसळताच तो परत मागितला जाऊ लागला. लोहमार्ग १८६० सालीच सोलापुरास पोचलेला असल्याने पनवेलकडे माल वाहणाऱ्या गाड्यांचे भाडेही कुणब्याच्या हातून गेले होते. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांचे केले. म्हणून सावकार व्याज मुद्दलात मिळवून रोखे पुनःपुन्हा लिहून घेई, आणि दिवाणी न्यायालये बहुधा ऋणकोच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामे देत. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारी हा क्षोभ फुटला आणि पुढे इंदापूर, पुरंदर, शिरूर या तालुक्यांतही पसरला. जमावाचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हस्तगत करून जाळण्यात आले, आणि सावकारांच्या जिवास क्वचितच अपाय झाला.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशावर रोख्याच्या मागे जाऊन सबंध व्यवहार मुळापासून तपासण्याचे कर्तव्य घातले, आणि दावा लावण्यापूर्वी उभय पक्षांत समेट घडवून आणण्यासाठी सरकारनियुक्त मध्यस्थ नेमले. महादोबांनी आपली पत खर्चून जे केले, तेच सरकारला आता कलमे घालून करावे लागत होते.