ऐकणाऱ्या गावाला बोलतं करणारी छत्री

१ ऑगस्ट १९७५ ला ओडिशा, बिहार, राजस्थान अशा सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही पोचला. या प्रयोगाचं नाव ‘साईट’. तीन मीटर रुंद जाळीची छत्री उभी करायची आणि शेती-आरोग्याचे कार्यक्रम सगळ्यांनी मिळून बघायचे. उपग्रह अमेरिकेचा, वर्षभरासाठी उसना. पण ती छत्री फक्त ऐकायची. एखाद्या बाईला शंका आली, तर विचारणार कुणाला?

पुढे छत्री लहान झाली आणि बोलूही लागली. तिला व्हीसॅट म्हणतात. गावाचा निरोप ती ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे धाडते. तिथून तो मोठ्या केंद्रात उतरतो आणि इंटरनेटला मिळतो. उत्तर त्याच वाटेनं येतं. डोंगरातून केबल ओढायला नको. १९८० च्या दशकाअखेर ‘निकनेट’नं जिल्ह्यांची सरकारी कार्यालयं अशी जोडायला घेतली. २००४ च्या एज्युसॅटमुळे दूरच्या वर्गातून शिक्षकांना प्रश्न विचारता आले. २०१८ च्या जीसॅट-११ चा उपयोग दुर्गम ग्रामपंचायतींसाठी होऊ लागला.

तेव्हा ग्रामसभेत विचारा, पंचायतीतलं इंटरनेट आपल्या गटाच्या कामाला मिळतं का? छत्री बोलती झाली आणि बायका गप्पच राहिल्या, तर १९७५ पासून बदललं काय?