कंपनमापन : संवेदक व तारजोडणी

यंत्र, पूल, धरण किंवा भूपृष्ठ यांच्या कंपनाचे विद्युत् संकेतात रूपांतर करणाऱ्या प्रयुक्तीस संवेदक म्हणतात. हा संकेत नोंदणी उपकरणापर्यंत नेणारी तार केवळ वाहक समजली जाते; तथापि कंपनमापनाच्या इतिहासातील बराच काळ तारेनेच निर्माण केलेले दोष दूर करण्यात गेला आहे.

आरंभीच्या भूकंपलेखकांत लंबकाची हालचाल तरफांच्या साहाय्याने काजळी धरलेल्या कागदावर उमटत असे. साहजिकच लंबक व कागद शेजारी असत. रशियन भौतिकीविज्ञ बरीस गलीत्सिन यांनी १९०६ मध्ये लंबकावरील वेटोळे चुंबकीय क्षेत्रात ठेवले. त्यात प्रवर्तित होणारा प्रवाह तारेने गॅल्व्हानोमापकाकडे नेता आल्यामुळे नोंद दूरच्या खोलीत घेता येऊ लागली.

झाक व प्येअर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधलेला दाबविद्युत् परिणाम कंपनमापनात रूढ होण्यास १९४० नंतरचे दशक उजाडावे लागले. यात स्फटिकावर प्रवेगाच्या प्रमाणात विद्युत् भार निर्माण होतो. पण तो अत्यल्प असून तारेच्या धारितेतही वाटला जातो. तार लांब घेतली की विद्युत् दाब उतरे. म्हणून संवेदकाचे अंशन ठरावीक तारेसहच करावे लागे व तार बदलताच ते व्यर्थ ठरे. वॉल्टर किस्टलर यांच्या भार-विवर्धकाने (एकस्व १९५०) ही अडचण बव्हंशी दूर झाली.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. तार हलली की तिचा निरोधक व धातूचे आवरण एकमेकांवर घासून स्वतःच भार निर्माण करतात. तार त्याच कंपनाने हलत असल्याने नोंद खरी भासते. निरोधकावर ग्रॅफाइटाचा संवाहक लेप दिलेली तार हा यावरील उपाय होय. मात्र ती संवेदकापासून थोड्या अंतरावर पृष्ठभागाशी पक्की बांधली नाही, तर महागडी तारही उपयोगी पडत नाही. भूयोजन दोन्ही टोकांना केल्यास वीजपुरवठ्याची ५० हर्ट्‌झ कंप्रता संकेतात शिरते व ती यंत्राचेच कंपन समजली जाण्याचा संभव असतो.

लांब तार टाळून मिळालेली एक मोलाची नोंद महाराष्ट्रातील आहे. कोयना धरणाच्या गॅलरीतील प्रवेगलेखकात संवेदक व नोंदपट एकाच पेटीत होते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात त्याने धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्व प्रवेगाच्या ०·६३ पट इतका कमाल प्रवेग नोंदविला. धरणाच्या अभिकल्पात भूकंप गुणांक अवघा ०·०५ धरलेला होता. धरणाच्या उंच खंडांना, जेथे उतार बदलतो त्या पातळीजवळ, आडव्या भेगा का पडल्या याचे गणित १९७३ मध्ये अनिल चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले, ते याच नोंदीच्या आधारे.