दृष्टीचा रक्तातील माग

पाहण्याचे काम डोळे करतात असे आपण म्हणतो. परंतु डोळ्यांनी आणलेल्या वार्तेचा अर्थ लावण्याचे कार्य मेंदूच्या मागील खंडात चालते. ते चालू असता तेथे काय घडते, हे कवटी न उघडता कसे जाणावे?

केंब्रिज येथील रॉय आणि शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी १८९० साली प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे असे प्रतिपादन केले, की मेंदूचा जो भाग कार्यरत होतो, त्याला रक्ताचा पुरवठा अधिक होऊ शकतो. विधान मोलाचे होते. परंतु जागत्या माणसाच्या बाबतीत त्याची साक्ष कोण देणार?

ती साक्ष बॉस्टनच्या एका इस्पितळात आलेल्या खलाशाने दिली. त्याच्या मेंदूच्या मागील भागावर रक्तवाहिन्यांचे विकृत जाळे होते आणि त्यातून धावणाऱ्या रक्ताचा घरघर असा आवाज त्याला स्वतःला ऐकू येई. डोळ्यांना काम दिले की हा आवाज वाढतो, असे त्यानेच सांगितले. जॉन फुल्टन यांनी ती तक्रार मनावर घेतली. रोगी वर्तमानपत्र वाचू लागला की आवाज वाढे. तंबाखूचा वास घेतल्याने मात्र त्यात फरक पडत नसे. हे निरीक्षण १९२८ साली प्रसिद्ध झाले.

परंतु असा रोगी क्वचितच लाभणार. निरोगी माणसासाठी निराळे साधन हवे होते, आणि ते प्रकाशात सापडले. अंधारात विजेरीवर पंजा धरला असता बोटे तांबडी दिसतात, हे आपण जाणतोच. तांबड्याच्या पलीकडचे अदृश्य किरण तर मांस आणि हाड यांतूनही काही अंतर जातात. अमेरिकेतील फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली दाखवून दिले, की या किरणांच्या साह्याने मेंदूतील रक्ताची स्थिती बाहेरून अजमावता येते. प्राणवायूने युक्त आणि प्राणवायू दिलेले असे दोन प्रकारचे रक्त हे किरण निरनिराळ्या प्रमाणात शोषते. म्हणून परत आलेल्या प्रकाशावरून दोहोंच्या प्रमाणातील बदलाचा हिशेब मांडता येतो.

१९९३ साली जपान, जर्मनी आणि अमेरिका येथील संशोधकांनी हे तंत्र मेंदूच्या कार्याकडे वळविले. पुढे १९९८ साली लंडनमध्ये जाग्या तान्ह्या मुलांना बुद्धिबळाच्या पटासारखी काळ्या-पांढऱ्या चौकटींची आकृती दाखवून त्यांच्या मेंदूतील रक्ताचा प्रतिसाद मोजण्यात आला. ज्याला बोलता येत नाही आणि मोठ्या यंत्रात निश्चल पडून राहताही येत नाही, अशा बालकाचे पाहणे मोजण्याची ही सोय झाली.

मात्र या साधनाची मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. हा प्रकाश कवटीखालच्या वरच्या थरापर्यंतच पोहोचतो. शिवाय रक्ताचा ओघ मज्जापेशींच्या कार्यामागून काही सेकंदांनी वाढतो. मोजला जातो तो विचार नव्हे, त्याचा रक्तात उमटलेला माग. तो एकदा कानांनी टिपला गेला, आणि तोही एका रोग्याचे म्हणणे वैद्याने लक्षपूर्वक ऐकले म्हणून.