चवदार तळ्याआधीचा ठराव : रावबहादूर सी. के. बोले

महाडच्या चवदार तळ्याचा विषय निघाला की १९२७ हे साल आठवते. त्या सत्याग्रहाला आधार ठरलेला ठराव मात्र चार वर्षे आधी मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला होता. तो मांडणारे सीताराम केशव बोले आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहेत. (थ्रेड)

बोले मुंबईचे, भंडारी समाजातले. गिरणगावातील कामगार हितवर्धक सभेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा भरलेल्या सत्कारसभेचे अध्यक्ष बोलेच होते. त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी भीमरावांना आपले बुद्धचरित्र भेट दिले.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर प्रांतिक कौन्सिलांत लोकनियुक्त सदस्यांचे बहुमत झाले. शिक्षण आणि स्थानिक स्वराज्य ही खाती मंत्र्यांच्या हाती आली. ब्राह्मणेतर सदस्यांना प्रथमच काही करून दाखवण्याची जागा मिळाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव संमत झाला : सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. हा कायदा नव्हता, शिफारस होती. सप्टेंबरात सरकारने खातेप्रमुखांना अंमलबजावणीचे आदेश दिले. नगरपालिकांना मात्र केवळ सल्लाच देता येत होता. संस्थानी मुलखात तर तोही लागू नव्हता. दुधनीच्या शेजारचे अक्कलकोट तेव्हा संस्थान होते. म्हणजे सोलापूर शहरातील सरकारी विहिरीला एक न्याय आणि अक्कलकोटच्या विहिरीला दुसरा! कोल्हापुरात शाहू महाराजांनी असे हुकूम १९१९ सालीच काढले होते, हेही विसरता कामा नये.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. बोले यांना कागदाचे मोल कळत होते. म्हणून ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला : जी नगरपालिका वा लोकल बोर्ड अंमलबजावणी नाकारील, तिचे अनुदान थांबवावे. कौन्सिलमधील त्यांची खरी राजकीय जाण या दुसऱ्या ठरावात दिसते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तारीख होती ४ ऑगस्ट १९२७, बोले ठरावाला नेमकी चार वर्षे पूर्ण होण्याची.

पुढे वाद न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्ण वादींचे अपील फेटाळले.