शेवटच्या शिक्क्याची कुळकथा

१४ एप्रिल २०१७ रोजी नागपुरात, मानकापूरच्या क्रीडासंकुलात, पंतप्रधानांच्या हस्ते ‘भीम-आधार’ ही सेवा सुरू झाली. ग्राहकाने दुकानदाराच्या यंत्रावर बोट टेकवायचे आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्यातून पैसे चुकते व्हायचे, अशी ही सोय. ग्राहकाजवळ फोन नसला, कार्ड नसले तरी त्याचे अडू नये, हा तिचा हेतू. यातली अवघड जागा वेगळीच आहे. सीताबर्डीवरच्या दुकानातले ठसायंत्र दुकानदाराचे, ते ज्याला जोडले तो फोन दुकानदाराचा आणि फोनातले अ‍ॅप तिसऱ्याच कुणाचे. दूरच्या सर्व्हरपर्यंत पोचतात ते निव्वळ आकडे. ते याच क्षणी यंत्राने टिपलेले आहेत, काल साठवून ठेवलेल्या ठशाची ती नक्कल नाही, हे सर्व्हरने कशावरून मानावे? हा प्रश्न आधारपासून सुरू झालेला नाही. भीम-आधारच्या दहा वर्षे आधी सोशल नेटवर्कवरच्या छोट्या विजेटांनी तो वेबच्या जगात ऐरणीवर आणला होता, आणि त्याला तेव्हा मिळालेले उत्तर आजच्या उत्तराचे पूर्वज आहे. माझे म्हणणे असे की ही माणूस ओळखण्याच्या कलेची प्रगती नव्हे. सही कोणी करायची, कुठे करायची आणि ती मजकुराला कुठून कुठवर बांधते, याची ही कथा आहे.

२००७च्या मे महिन्यात फेसबुकने आपले व्यासपीठ बाहेरच्या प्रोग्रामरांना खुले केले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला गूगलने ‘ओपनसोशल’ जाहीर केले. ऑर्कुटसह अनेक नेटवर्कांवर एकच विजेट चालावे, अशी ती योजना होती. २००४ साली निघालेले ऑर्कुट तेव्हा भारतातल्या तरुणांच्या रोजच्या वावराची जागा झाले होते. या विजेटांची रचना विलक्षण होती. पान ऑर्कुटचे, त्यातली छोटी चौकट तिऱ्हाईत प्रोग्रामरची, चौकटीतला कोड चालायचा वापरणाऱ्याच्या ब्राउझरात, आणि खेळाचे गुण किंवा मित्रांच्या नोंदी साठायच्या प्रोग्रामरच्या स्वतःच्या सर्व्हरवर. या सर्व्हरकडे वापरणाऱ्याचा पासवर्ड नसे, आणि असूही नये. मग समोर कोण आहे हे त्याला सांगणार कोण? ब्राउझरातल्या कोडने ‘मी अमुक क्रमांकाचा सभासद’ असे कळवणे सगळ्यांत सोपे, पण ब्राउझर संपूर्णपणे वापरणाऱ्याच्या हातात असतो. पाठवण्याआधी त्याने तो क्रमांक बदलला, की दुसऱ्याच्या नावावर खेळता येते, दुसऱ्याच्या नोंदी पुसता येतात. त्यासाठी फार कसबही लागत नाही.

ओपनसोशलने यावर काढलेला मार्ग आजही अभ्यासण्याजोगा आहे. विजेटने प्रोग्रामरच्या सर्व्हरकडे थेट जायचे नाही; विनंती आधी ऑर्कुटच्या सर्व्हरकडे द्यायची. सभासदाने लॉगिन केलेले असते ते ऑर्कुटवर, त्यामुळे तो कोण हे ऑर्कुटला ठाऊक असते. ऑर्कुट त्या विनंतीत पान कोणाचे, पाहणारा कोण, विजेट कोणते, वेळ काय, ही माहिती भरी, एकदाच वापरायचा एक यादृच्छिक आकडा जोडी आणि आपल्या खाजगी किल्लीने सही करून ती पुढे पाठवी. प्रोग्रामरचा सर्व्हर ऑर्कुटच्या सार्वजनिक किल्लीने सही पडताळून पाही. सहीची पद्धत घेतली होती ती २००७च्या डिसेंबरात पक्क्या झालेल्या ओऑथ १.० या नियमावलीतून. पानाचा मालक आणि पाहणारा यांना वेगळे ठेवण्यातली दक्षता विशेष वाखाणण्यासारखी आहे, कारण मित्राच्या पानावर गेलेल्या माणसाला मित्राचे अधिकार मिळता कामा नयेत. त्याहून मोलाचा होता एक रुक्ष दिसणारा नियम: ओळखीसाठी राखून ठेवलेल्या नावांची माहिती विजेटकडूनच आलेली असेल, तर नेटवर्कने सही करण्याआधी ती काढून टाकावी. हा नियम नसता तर लबाडाने लिहिलेल्या ओळीवर ऑर्कुटनेच इमानाने सही केली असती. पुढे २०१० साली फेसबुकने दुसरी वाट धरली. सही केलेला मजकूर वापरणाऱ्याच्या ब्राउझरातूनच प्रोग्रामरकडे जाऊ लागला. सही मूळ जागी झालेली असली की ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याही हाती पत्र देता येते, हे यातून सिद्ध झाले.

सही मजकुराला कुठवर बांधते, हा प्रश्न मात्र अनेकांच्या नजरेतून निसटला. २००९च्या सप्टेंबरात थाय दुआंग आणि जुलियानो रिझो या दोन संशोधकांनी फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाची सही मोडून दाखवली. फ्लिकर गुप्त शब्दापुढे मजकूर जोडून त्या सगळ्याचा एमडी५ या पद्धतीने गोषवारा काढत असे. त्या पद्धतीत गुप्त शब्द ठाऊक नसतानाही मजकुराच्या शेवटी भर घालून नव्या मजकुराची ग्राह्य सही तयार करता येत होती. यावरचा उपाय, एचमॅक, १९९६ साली मांडला गेला होता आणि १९९७ साली त्याचा तपशील प्रसिद्धही झाला होता. मराठी दप्तरे चाळणाऱ्याला हा धोका नवा वाटणार नाही. शिवकालीन पत्रांत माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ हा दुसरा, छोटा शिक्का, म्हणजे मोर्तब. पुढच्या काळातल्या मोर्तबांवर ‘लेखनसीमा’ असा मजकूरही आढळतो. वरची मुद्रा पत्र कोणाचे ते सांगते, खालचे मोर्तब पत्र कुठे संपले ते सांगते. त्याखाली कोणी ओळ वाढवली तर ती पत्राची नव्हे. पत्राचा अस्सलपणा आणि त्याची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची वेगळी तजवीज लागते, हे मोडी लिहिणाऱ्या कारकुनांना पुरते उमगले होते.

यावर इतिहासाचा अभ्यासक रास्त हरकत घेईल: ऑर्कुटच्या अभियंत्यांनी मोडी पत्रे वाचली नव्हती, मग हे कूळ कसले? हरकत बरोबर आहे, आणि मीही इथे रक्ताचे नाते सांगत नाही. विजेटच्या सहीचे थेट पूर्वज म्हणजे १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी मांडलेली सार्वजनिक किल्लीची कल्पना आणि त्यानंतर आलेली आरएसए ही सहीची पद्धत. पण तंत्राच्या कुळात गरजेचाही वंश धरावा लागतो. राजा गडावर, वाचणारा परगण्यात आणि मधला जासूद अनोळखी अशी परिस्थिती असली की शिक्का, तारीख आणि शेवटची सीमा या तीन गोष्टी लागतातच. ज्याने यातली एक गाळली त्याला तीच फट सापडली. ओऑथ १.०मध्ये फॉर्मच्या साच्यात नसलेला विनंतीचा मजकूर सहीच्या बाहेर राही. तो आत घेण्यासाठी मागाहून वेगळी पुरवणी लिहावी लागली.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. सगळे दळणवळण एचटीटीपीएसने झाकलेले असताना प्रत्येक विनंतीवर सहीचा खटाटोप कशाला? याच विचाराने ऑक्टोबर २०१२मध्ये आलेल्या ओऑथ २.०ने विनंतीवरच्या सहीची सक्ती सोडली. ज्याच्या हाती टोकन, म्हणजे प्रवेशाचा परवाना, तो धनी, असा सुटसुटीत नियम आला. नियमावलीचे प्रमुख संपादक एरान हॅमर यांनी त्याआधीच, जुलैमध्ये, ही सक्ती सोडण्यावरही नाराज होऊन मसुद्यावरून आपले नाव काढून घेतले होते. सोपेपणाची गरज खरी होती. सहीचा मजकूर एका अक्षराने चुकला तर सगळे अडायचे आणि शेकडो प्रोग्रामर त्यात शिणले होते. तरीही माझा कौल हॅमर यांच्या बाजूला झुकतो. एचटीटीपीएस वाटेचे रक्षण करते. वाटेच्या टोकाशी कोण उभे आहे याची हमी ते देत नाही. काही अ‍ॅप टोकनालाच ओळखपत्र मानू लागली. मग एका अ‍ॅपने वापरणाऱ्याकडून मिळवलेले टोकन दुसऱ्या अ‍ॅपला दाखवून त्याच्या नावाने आत शिरणे शक्य झाले. म्हणून २०१४ साली ‘ओपनआयडी कनेक्ट’ आले, त्यात ओळखीच्या दाखल्यावर सही परतली, आणि दाखला कोणासाठी दिला आहे हेही त्यातच लिहिणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ऑर्कुट बंद पडले.

भीम-आधारच्या पोटात हीच अंगे पुन्हा भेटतात. ठशाच्या मजकुरात वेळ नोंदलेली असते, त्याचा गोषवारा काढून जोडलेला असतो, मजकूर ज्या किल्लीने कुलूपबंद होतो ती किल्लीच आधार प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या सार्वजनिक किल्लीने झाकली जाते, आणि पूर्ण विनंतीवर ती पाठवणाऱ्या संस्थेची सही असते. पण सुरुवातीला एक फट राहिली होती. ठसा यंत्रातून अ‍ॅपकडे उघडा येत असे, त्यामुळे अ‍ॅपने तो साठवला तर पुढे नव्या वेळेसह पुन्हा पाठवणे शक्य होते. म्हणून २०१७ सालीच प्राधिकरणाने नोंदणीकृत यंत्रांचा आग्रह धरला. प्रत्येक यंत्राला स्वतःची ओळख आणि किल्ली मिळाली. ठशावर सही आणि कुलूप दोन्ही आता अ‍ॅपच्या हाती जाण्याआधीच होऊ लागले. यातही दोन पायऱ्या ठरल्या: खालच्या पायरीत हे काम जोडलेल्या फोनच्या सॉफ्टवेअरात होई, वरच्या पायरीत यंत्राच्या संरक्षित गाभ्यात. ऑर्कुटच्या काळात सही नेटवर्कच्या सर्व्हरवर होत होती. दहा वर्षांत ती दुकानाच्या गल्ल्यावर, बोटाच्या अगदी जवळ आली.

इतक्या जवळ येऊनही ती सही साक्ष देते ती यंत्राची. टेकवलेले बोट जिवंत माणसाचे की रबरी साच्याचे, हे सहीला कळत नाही. त्यासाठी यंत्रात वेगळी तपासणी लागते. आणि वीटभट्टीवर, बांधकामावर राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचे काय? सर्व्हरचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असते, आणि अशा बोटाला ‘नाही’ येते तेव्हा सही, वेळ, कुलूप, सगळे बिनचूक असते. ज्याला फोन-कार्डाविना व्यवहार करता यावा म्हणून ही सेवा निघाली, तोच इथे अडतो. फोनवर येणारा ओटीपी त्याच्या कामाचा नाही, कारण फोनच नाही. त्याच्यासाठी डोळ्यांच्या बुबुळांची किंवा चेहऱ्याची पडताळणी त्याच गल्ल्यावर मिळायला हवी, आणि तीही जमली नाही तर बँकेच्या शाखेत माणसाने माणसाला ओळखून पैसे देण्याची वाट उघडी राहायला हवी.