फंड आणि सोने : कागल परिसरातील वृद्धापकाळाच्या तरतुदीविषयी एक टिपण

नोकरी संपल्यावर हाती आलेल्या फंडाच्या रकमेचे सोने करून ठेवण्याची रीत कागल परिसरात सर्वांच्या परिचयाची आहे. तिची संभावना बहुधा 'सुवर्णमोह' या एका शब्दात केली जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

वतनपद्धतीत वृद्धापकाळाची अशी निराळी तरतूद नव्हती. वतन वंशपरंपरेने चाले आणि घरातील वृद्धांचे पोषण त्यातच होई. महार वतनासारखे वतन तर तरतुदीपेक्षा वेठीचे बंधनच अधिक होते. कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू छत्रपतींनी १९०६ मध्ये कोल्हापुरास कापडगिरणी काढली, आणि १९१८ मध्ये कुलकर्णी व महार ही दोन्ही वतने रद्द केली. वतनदाराच्या जागी पगारदार आला आणि पगार थांबल्यावर काय, हा प्रश्न निकडीचा झाला. गिरणी कामगारांपुरते त्याचे उत्तर १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने दिले. तो आरंभी ज्या सहा उद्योगांस लागू झाला, त्यांत कापडधंदा होता. वर्गणी सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा, आणि तेवढीच भर मालकाची.

येथे भाषेची साक्ष विचारात घेण्याजोगी आहे. 'भविष्य निर्वाह निधी' हा शब्दप्रयोग कागदावरच राहिला. बोलीत 'फंड' रूढ झाला. फंड 'कापला जातो', 'जमा होतो', 'मिळतो'. या प्रयोगांत कामगार कर्ता नसतो. सोने मात्र तो स्वतः 'घडवितो', 'गहाण टाकतो', 'सोडवितो' आणि प्रसंगी 'मोडतो'. 'मोडणे' हे क्रियापद आपण नोटेसही लावतो. अलंकार आणि चलन यांत आपल्या भाषेने फारसे अंतर मानलेले नाही. 'होन' हे नाण्याचे नाव सोने या अर्थाच्या कन्नड 'होन्नु' या शब्दावरून आले. आणि मानवाकृती असलेले व्हेनिसचे सुवर्णनाणे येथे 'पुतळी' होऊन माळेत ओवले गेले.

सोन्याकडे जाण्याची वाट मात्र नेहमीच मोकळी नव्हती. जानेवारी १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली. त्यानंतरचा १९६८ चा कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत सामान्य माणसास सोन्याच्या लगडी बाळगण्यास मनाई होती. त्यामुळे या काळात निवृत्ताची पुंजी मुख्यतः दागिन्यांच्या रूपानेच सोन्यात उतरे, आणि घडणावळ व घट यांचा भुर्दंड तिला सोसावा लागे.

हिशेबाचा निर्णयही एकतर्फी नाही. दहा ग्रॅम सोन्याचा सरासरी भाव १९९० मध्ये सुमारे ३,२०० रुपये होता, तो २००० मध्ये सुमारे ४,४०० झाला; म्हणजे दहा वर्षांत दीडपटही नाही. त्याच दशकात फंडावर बारा टक्के व्याज मिळत होते आणि त्या दराने रक्कम तिपटीहून अधिक होते. उलट २०१० मध्ये सोन्याचा भाव १८,००० च्या पुढे गेला आणि फंड मागे पडला. कोणत्या वर्षी निवृत्त झालो, यावरच पुष्कळसे अवलंबून राहिले.

परंतु भावाहून महत्त्वाचा भेद कायद्यातील आहे. फंडातील शिल्लक सावकारास जप्त करता येत नाही, ती तारण लावता येत नाही, आणि सभासदाच्या मृत्यूनंतर ती त्याच्या कर्जापासून मुक्त अशीच वारसनियुक्त व्यक्तीकडे जाते. अमेरिकेत निवृत्तिखात्यातील पैसा खात्याच्या चौकटीत राहूनच विश्वस्ताकडील सोन्यात गुंतविता येतो. आपल्याकडे फंड आधी काढावा लागतो आणि मग गुजरीची पायरी चढावी लागते. मधल्या त्या एका पावलात कायद्याचे कवच गळून पडते. मुलाचा धंदा, मुलीचे लग्न, घरातील आजारपण यांपैकी कशासाठीही मोडता येईल, म्हणूनच सोने घेतले जाते. आणि नेमके त्याच कारणाने ते वृद्धापकाळापर्यंत टिकेल याची शाश्वती नसते.

कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीतील आजच्या कामगारासही हा निर्णय चुकलेला नाही. त्यास मोह म्हणण्यापूर्वी, आपल्या पुंजीचा कर्ता आपण असावे ही त्यामागील इच्छा अभ्यासकाने ओळखली पाहिजे. आणि त्या कर्तेपणाची किंमत उतारवयात कोण भरते, हेही घरोघरी जाऊन विचारले पाहिजे.